तक्रार, कागद आणि आवाज : न्यूयॉर्कच्या एका लोकाधिवक्त्याची कारकीर्द



इंदूरसारख्या शहरात, जेथे मराठी माणूस दोन-अडीचशे वर्षे नांदतो आहे, तेथील एका जुन्या मराठी शाळेने मला या स्मृतिव्याख्यानासाठी पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. ‘लोकप्रतिनिधी आणि लोकपाल’ हा विषय संस्थेने सुचविला. मी आयुष्यभर मराठी शिकविली. राज्यशास्त्र हे काही माझे क्षेत्र नव्हे. तेव्हा शब्दांपासून प्रारंभ करण्याची आपण मला मुभा द्यावी.

अन्याय झाला असता माणसाने काय करावे, यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. गाऱ्हाणे आहे, फिर्याद आहे, अर्ज आहे, दाद आहे, तक्रार आहे. ‘फिर्याद’ फारसीतून आली; तिचा मूळ अर्थ आर्त हाक. ‘दाद’ही फारसी, तिचा अर्थ न्याय. ‘अर्ज’ अरबी, तो पुढे ठेवणे, सादर करणे या अर्थाचा. आणि ‘तक्रार’? या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आहे पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा होणे. हिंदीत तो ‘तकरार’ होऊन भांडण या अर्थी स्थिरावला, मराठीत गाऱ्हाणे या अर्थी. इंदूरकरांच्या कानी दोन्ही अर्थ रोज पडत असतील. परंतु मला मूळ अर्थ महत्त्वाचा वाटतो. एका गल्लीत नळाला पाणी आले नाही, हे गाऱ्हाणे झाले. चाळीस गल्ल्यांत, त्याच वारी, त्याच कारणाने पाणी आले नाही, आणि हे कोणीतरी एकत्र मांडून पाहिले, म्हणजे ती शब्दाच्या मूळ अर्थाने तक्रार झाली. एकट्याचे दुःख ते गाऱ्हाणे. व्यवस्थेचा दोष उघड करते ती तक्रार.

ही पुनरावृत्ती टिपण्यासाठी शासनयंत्रणेतच, पण शासनकर्त्यांपासून अलग असा एक अधिकारी असावा, ही कल्पना स्वीडनने १८०९ साली आपल्या राज्यघटनेत आणली. तेथील संसद त्याची निवड करते. त्याला ते ‘ओम्बुड्समन’ म्हणतात. आपल्याकडे १९६३ साली डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी ‘लोकपाल’ आणि ‘लोकायुक्त’ हे शब्द घडविले. मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ साली तशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्ताचा कायदा केला, मध्य प्रदेशाने १९८१ साली. हे सारे नियुक्त अधिकारी. परंतु जगात एक मोठे शहर असे आहे की जेथे हा अधिकारी साऱ्या नगराच्या मतदानाने निवडला जातो. ते शहर न्यूयॉर्क. त्या पदावर पहिल्यांदा बसलेल्या मार्क ग्रीन यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेत आज मी एक प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे : ज्याने तक्रारी ऐकावयाच्या, त्याने मते मागावीत काय?

प्रथम ते पद कसे निर्माण झाले ते पाहू. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी ‘बोर्ड ऑफ एस्टिमेट’ नावाचे एक प्रबळ मंडळ होते. अर्थसंकल्प, जमिनीचा वापर, मोठी कंत्राटे, सारे त्याच्या हाती. महापौर, मुख्य हिशेबनीस आणि नगरपरिषदेचा अध्यक्ष यांना त्यात प्रत्येकी दोन मते, आणि शहराच्या पाच विभागांच्या अध्यक्षांना प्रत्येकी एक. यात गोम अशी की वीस लाखांहून अधिक वस्तीच्या ब्रुकलिनला जेवढे मत, तेवढेच चार लाखांहूनही कमी वस्तीच्या स्टेटन आयलंडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८९ मध्ये ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वावर हे मंडळ घटनाबाह्य ठरविले. नगराची सनद नव्याने लिहावी लागली आणि मंडळ बरखास्त झाले. मग ज्याची खरी ताकद त्या मंडळातल्या दोन मतांत होती, त्या नगरपरिषद-अध्यक्षाचे करावयाचे काय? पद ठेवावे की काढून टाकावे, यावर बराच खल झाला. शेवटी ते राहिले. आणि १९९३ मध्ये त्याचे नामांतर ‘पब्लिक ॲडव्होकेट’ असे झाले. आपण त्याला लोकाधिवक्ता म्हणू.

या लोकाधिवक्त्याचे काम सनदेने आखून दिले : नागरिकांच्या तक्रारी घेणे, निरनिराळी खाती त्यांचे काय करतात यावर नजर ठेवणे, एकाच प्रकारच्या तक्रारी वारंवार येत असतील तर त्यांच्या मुळाशी जाणे आणि शिफारस करणे. तो नगरपरिषदेत ठराव मांडू शकतो, पण त्याला मत नाही. महापौराचे पद मध्येच रिकामे झाले, तर पोटनिवडणूक होईपर्यंत तो महापौर होतो. एरवी कोणाला आदेश देण्याचा अधिकार त्याला नाही. शिवाय त्याच्या कचेरीचा खर्च मंजूर करणारे हात महापौर आणि परिषद यांचेच. ज्याच्यावर टीका करावयाची त्याच्याकडूनच शिधा घ्यावयाचा, अशी ही अवघड जागा.

या जागेवर येणारा माणूस कोणत्या मुशीतून आला होता? मार्क ग्रीन यांचा जन्म १९४५ साली ब्रुकलिनचा. कॉर्नेल विद्यापीठात आणि पुढे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९७० नंतरचे दशक त्यांनी ग्राहक चळवळीचे प्रणेते राल्फ नेडर यांच्याबरोबर वॉशिंग्टनमध्ये काढले. नेडर यांची कार्यपद्धती ठरलेली होती : आधी कागद मिळवा, मग ते वाचा, मग सांगा. अमेरिकेची संसद नेमकी कोणाच्या इशाऱ्यावर चालते याचा शोध घेणारे एक पुस्तक ग्रीन यांनी सहकाऱ्यांसह १९७२ साली लिहिले आणि ते खूप खपले. पण त्यांना केवळ पहारेकरी राहणे मानवले नाही. १९८० साली ते प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले आणि पडले. १९८६ साली सिनेटसाठी उभे राहिले आणि पुन्हा पडले. १९९० साली महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी त्यांना नगराच्या ग्राहक व्यवहार खात्याचे आयुक्त नेमले. १९९३ साली नव्या नावाच्या पदासाठी ते निवडून आले आणि १ जानेवारी १९९४ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्याच दिवशी रुडॉल्फ जुलियानी महापौर झाले. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन. आणि दोघेही शब्दाने तिखट.

या दोन प्रवृत्ती, कागद मिळविणारा पहारेकरी आणि मते मागणारा उमेदवार, ग्रीन यांच्या ठायी आरंभापासून शेजारीशेजारी होत्या. एकीने त्यांना यश दिले, तर दुसरीने त्यांची कसोटी पाहिली.

यशाची कथा आधी सांगतो. पोलिसांविरुद्धच्या नागरिकांच्या तक्रारी तपासण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये एक मंडळ आहे. १९९३ पासून ते पूर्णपणे नागरी सभासदांचे झाले. परंतु त्याने तक्रार खरी ठरविली तरी शिक्षा द्यावयाची की नाही, हे पोलीस आयुक्तांच्या मर्जीवर. मग खऱ्या ठरलेल्या तक्रारींचे पुढे काय होते? ग्रीन यांनी १९९७ साली हा साधा प्रश्न विचारला आणि त्या प्रकरणांच्या नोंदी मागितल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲबनर लुइमा या हैतीहून आलेल्या माणसाचा ब्रुकलिनच्या पोलीस ठाण्यात अमानुष छळ झाला होता आणि शहर हादरले होते. पोलीस आयुक्त हॉवर्ड सफिर यांनी नोंदी देण्यास नकार दिला. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी गोपनीय आहेत, ही त्यांची सबब.

येथे ग्रीन यांना वर्तमानपत्रातून दोन-चार तिखट उद्गार काढून थांबता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ते न्यायालयात गेले. सनदेने मला तक्रारींच्या हाताळणीवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य दिले आहे, आणि कागद पाहिल्यावाचून ते कर्तव्य पार पाडता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयाने तो मान्य केला. १९९८ साली अपिलातही त्यांचा नोंदी पाहण्याचा हक्क टिकला. १९९९ च्या फेब्रुवारीत अमादू दियालो या निःशस्त्र तरुणावर चार पोलिसांनी एकेचाळीस गोळ्या झाडल्या, तेव्हा शहरभर आक्रोश उठला. त्या आक्रोशात ग्रीन यांच्या कचेरीत प्रकरणांच्या फायली वाचणे चालू होते. त्यांचा अंतरिम अहवाल सप्टेंबर १९९९ मध्ये आणि अंतिम अहवाल जुलै २००० मध्ये निघाला. खऱ्या ठरलेल्या तक्रारींचीही खात्याकडून पुरेशी दखल घेतली जात नव्हती, हे त्यात प्रकरणवार मांडले होते.

याने पोलीस खाते रातोरात बदलले काय? नाही. परंतु एक गोष्ट घडली. लोकाधिवक्त्याला कागद पाहण्याचा हक्क आहे, हे न्यायालयाच्या निर्णयाने पक्के झाले. आणि ज्या कायद्याची ढाल आयुक्तांनी पुढे केली होती, तो कायदा न्यूयॉर्क राज्याने जून २०२० मध्ये रद्द केला. एका कचेरीने १९९७ साली जे मागितले, ते तेवीस वर्षांनी सर्व नागरिकांना खुले झाले. त्याचे सारे श्रेय एका माणसाला देणे अतिशयोक्तीचे होईल. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर देशभर उसळलेला क्षोभ हे त्याचे तात्कालिक कारण होते. तरीही त्या दारावर सनदशीर मार्गाने आधी थाप मारणाऱ्यांत ग्रीन होते, हे विसरता येत नाही.

श्रोतेहो, आपल्यालाही हा मार्ग परका नाही. गोव्याने १९९७ सालीच माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, आणि २००५ साली तो साऱ्या देशासाठी झाला. ज्याला आदेश देता येत नाही, त्याचे पहिले शस्त्र कागद असते.

दुसरे शस्त्र आवाज. आणि येथून कसोटीची कथा सुरू होते. निवडून आलेल्या माणसाचा आवाज मोठा असतो, कारण त्याच्या पाठीशी लाखो मते असतात. नियुक्त लोकायुक्ताला महापौर एखादे वेळी उपेक्षेने मारू शकेल. मतदारांनी निवडलेल्या लोकाधिवक्त्याला तसे मारणे कठीण. परंतु त्याच आवाजावर लोक शंका घेतात. हा मनुष्य पोलिसांच्या फायली मागतो तो नागरिकांसाठी, की उद्या महापौर व्हावयाचे म्हणून? ग्रीन यांनी १९९८ साली, पदावर असतानाच, सिनेटच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत निवडणूक लढविली आणि चार्ल्स शूमर यांच्याकडून ते पराभूत झाले. त्यामुळे जुलियानी यांना त्यांच्या टीकेतील हेतू दाखविणे सोपे झाले. उलट जुलियानीही निर्मळ नव्हते. ते सिनेटला जाण्याच्या तयारीत होते. ते गेले असते तर सनदेप्रमाणे ग्रीन महापौर झाले असते. १९९९ साली त्यांनी नेमलेल्या आयोगाने पदाचा वारसाक्रम आणि इतर अनेक गोष्टी बदलणारी सनददुरुस्ती मतदारांपुढे ठेवली. मतदारांनी ती मोठ्या बहुमताने फेटाळली. मतदाराला पुष्कळ कळते, असे अशा वेळी वाटते.

मग आले २००१. दोन मुदतींची मर्यादा असल्याने जुलियानी आणि ग्रीन या दोघांनाही आपापली पदे सोडणे भाग होते. महापौरपदासाठी ग्रीन डेमोक्रॅटिक पक्षातले आघाडीचे उमेदवार होते. पक्षांतर्गत मतदानाचा दिवस होता ११ सप्टेंबर. सकाळी मतदान सुरू झाले आणि थोड्याच वेळात जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यांवर विमाने आदळली. मतदान थांबविण्यात आले. ते २५ सप्टेंबरला नव्याने घेतले गेले. त्या काळात जुलियानी साऱ्या शहराचे आधार झाले होते. त्यांनी आपली मुदत तीन महिने वाढवून मिळावी असे सुचविले, आणि तिन्ही प्रमुख उमेदवारांची संमती मागितली. मायकेल ब्लूमबर्ग यांनी होकार दिला. ग्रीन यांनीही दिला. फर्नांडो फेरर यांनी मात्र नकार दिला. निवडणुकीने ठरलेली तारीख संकटातही पाळली पाहिजे, ही त्यांची भूमिका.

या क्षणी मी थोडा थांबतो. शहरावर दुःखाचा डोंगर कोसळला असताना ऐक्यासाठी होकार देणे माणुसकीचे नव्हते, असे कोण म्हणेल? परंतु आठ वर्षे जो माणूस महापौराला सनदेची मर्यादा दाखवीत आला, त्यानेच सनदेतील मुदत वाकविण्यास मान डोलवावी, हे अनेकांना खटकले. मलाही खटकते. त्या दिवशी होकार दिला तो लोकाधिवक्त्याने नव्हे, उमेदवाराने, असे मला वाटते. ती मुदतवाढ अखेर झालीच नाही. जुलियानी ३१ डिसेंबर २००१ रोजी ठरल्या वेळी पायउतार झाले. ग्रीन यांनी ११ ऑक्टोबरची निर्णायक फेरी फेरर यांच्याविरुद्ध थोडक्यात जिंकली. पण त्या फेरीत काही समर्थकांनी वाटलेल्या, वांशिक भावना चाळविणाऱ्या पत्रकांनी पक्ष दुभंगला. त्या पत्रकांशी आपला संबंध नसल्याचे ग्रीन यांनी सांगितले, तरी जखम राहिली. समोर ब्लूमबर्ग होते आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून सात कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला. नोव्हेंबरात ग्रीन सुमारे दोन टक्के मतांनी हरले. २००६ साली ते राज्याच्या महान्यायवादीपदाची पक्षांतर्गत निवडणूक हरले. २००९ साली पुन्हा लोकाधिवक्तापदासाठी उभे राहिले आणि बिल दि ब्लासिओ यांच्याकडून निर्णायक फेरीत पराभूत झाले.

ही केवळ एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेची गोष्ट असती तर ती मी आपल्याला सांगितली नसती. दि ब्लासिओ या पदावरून २०१३ साली महापौरपदासाठी निवडून आले. त्यांच्यामागून आलेल्या लेटिशिया जेम्स २०१८ साली राज्याच्या महान्यायवादी म्हणून निवडून आल्या. २०१९ साली आलेले जुमानी विल्यम्स यांनी २०२२ मध्ये राज्यपालपदाची उमेदवारी मागितली. बेट्सी गॉटबाउम यांचा अपवाद सोडला, तर पदावर असताना वरच्या पायरीकडे न पाहिलेला लोकाधिवक्ता आढळत नाही. मग ही पायरी निरुपयोगी म्हणावी काय? तसेही म्हणवत नाही. दि ब्लासिओ यांनी याच कचेरीतून शहरातील सर्वांत वाईट घरमालकांची यादी प्रसिद्ध करण्याची प्रथा २०१० मध्ये पाडली. त्या यादीला कायद्याने शिक्षा नाही. परंतु भाडेकरूंची वर्षानुवर्षांची गाऱ्हाणी एका कागदावर आली, की तो कागद बोलू लागतो.

आता आपल्याकडे पाहू. आपण नेमका उलटा मार्ग स्वीकारला. २०१३ च्या लोकपाल कायद्याप्रमाणे लोकपाल खासदार किंवा आमदार असू शकत नाही. आणि पद सोडल्यावर पाच वर्षे त्याला संसदेपासून पंचायतीपर्यंत कोणतीही निवडणूक लढविता येत नाही. न्यूयॉर्कचा दोष यात सापडणार नाही. परंतु आपल्या पद्धतीचीही किंमत असते. कायदा जानेवारी २०१४ मध्ये अमलात आला आणि पहिले लोकपाल नियुक्त झाले मार्च २०१९ मध्ये. पाच वर्षे आसन रिकामे! त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेम्स यांनी पद सोडले, आणि दोन महिन्यांच्या आत, २६ फेब्रुवारी २०१९ रोजी, मतदारांनी नवा लोकाधिवक्ता निवडला. निवडणुकीने महत्त्वाकांक्षा शिरते हे खरे. पण नियुक्तीने विलंब शिरतो, आणि तो कोणाच्या सोयीचा असतो हे सांगावयास नको.

म्हणून ‘त्याने मते मागावीत काय’ या माझ्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन : मागावीत, हरकत नाही; पण ज्या सत्तेवर पहारा द्यावयाचा तीच सत्ता लगेच पुढच्या खेपेस मागू नये. पाच वर्षांची आपली अट त्यांनी घ्यावी, आणि आसन रिकामे न ठेवण्याची त्यांची शिस्त आपण घ्यावी. दोघांनाही लागू पडेल अशी तिसरी गोष्ट म्हणजे, कचेरीचा खर्च टीकेचा विषय असणाऱ्याच्या हाती असू नये.

आपल्या परंपरेत याची उदाहरणे नाहीत असे नव्हे. माहेश्वरी अहिल्याबाई रोज दरबारात बसून प्रजेची गाऱ्हाणी ऐकत, हे माल्कमने मध्य भारताच्या आपल्या वृत्तांतात नमूद केले आहे. १७७३ साली नारायणरावाच्या वधानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरविले आणि पुणे सोडले, ही आपल्या घराघरांत सांगितली जाणारी कथा. शास्त्रीबोवांच्या हाती ना फौज होती ना खजिना. ते निवडून आलेले नव्हते. नेमलेले होते, आणि तेही पेशव्यांच्याच दरबारी. तेव्हा नुसत्या नेमणुकीच्या रीतीने निःस्पृहता येत नाही हे खरे. परंतु रामशास्त्री दर पिढीला जन्मत नाहीत. म्हणूनच संस्था उभारावयाच्या असतात; सामान्य माणसालाही त्या आसनावर बसून बऱ्यापैकी निर्भय राहता यावे, एवढ्यासाठी.

शेवटी या शाळेपुरते बोलतो. लोकाधिवक्ता असो की लोकायुक्त, त्याच्या हाती जो कागद येतो तो कोणीतरी नागरिकाने लिहिलेला असतो. दिनांक, ठिकाण, घडलेली गोष्ट आणि मागणी, एवढे नेमकेपणाने लिहिलेला अर्ज वाऱ्यावर उडविणे कठीण असते. नुसत्या संतापाने भरलेला अर्ज उडविणे फार सोपे. आपल्या अभ्यासक्रमात पत्रलेखनाला चार-पाच गुण असतात आणि विद्यार्थी ते पाठ करून मिळवितात. माझी शिक्षकांना नम्र विनंती आहे की वर्षातून एकदा मुलांना आपल्या वॉर्डातील एक खरी अडचण शोधावयास लावावी, शेजारच्या चार घरी तीच आहे काय हे विचारावयास लावावे, आणि मग महापालिकेला खरा अर्ज लिहून पाठवावयास लावावे. उत्तर आले तर ते वर्गात वाचावे. उत्तर न आल्यास दुसरा अर्ज लिहावा. ‘तक्रार’ या शब्दाचा मूळ अर्थ मुलांना तेव्हा व्याकरणाच्या तासापेक्षा अधिक चांगला कळेल.